ओटा, फरशी आणि भिंत : एका स्वयंपाकघराचा रंगविचार

वार्षिकांकासाठी लेख मागविणारी सूचना फलकावर लागली तेव्हा आमच्या वर्गातील बहुतेकींनी आपापले विषय ठरवून टाकले. कुणी संतसाहित्य घेतले, कुणी ग्रामीण कथा, तर कुणी पर्यावरण. मी माझा विषय सांगितला तेव्हा मात्र सगळ्या हसल्या. “बी.ए.च्या दुसऱ्या वर्षापर्यंत येऊन शेवटी स्वयंपाकघरातच शिरलीस ना?” असे एकीने विचारले. तिचे म्हणणे अगदीच चूक नव्हते. पण गेल्या वर्षभरात मला जे थोडेफार शिकायला मिळाले, त्यातले पुष्कळसे त्या खोलीतच मिळाले, आणि एक चूकही मी तिथेच केली. त्या चुकीचा आणि त्यानंतरच्या अभ्यासाचा हा वृत्तांत आहे.

प्रथम थोडे घराविषयी सांगणे आवश्यक आहे. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, फरशी बसविण्याचे काम करतात. गेली सत्तावीस वर्षे त्यांनी सोलापूर आणि आसपासच्या तालुक्यांत इतरांच्या घरांतील जमिनी आणि ओटे बसविले. शाळा त्यांनी चौथीत सोडली. म्हणून त्यांची मापवही मी आठवीपासून लिहिते. लांबी, रुंदी, चौरस फूट, कटिंग, पॉलिश, स्कर्टिंग असे रकाने पाडून हिशेब करणे हे माझे पहिले गणित. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच.

इतरांच्या जमिनी गुण्यात आणि पाणसळीत बसविणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या घरातील जमीन कशी होती? तर ती तुकड्यांची होती. ठिकठिकाणच्या कामांवर उरलेले शहाबादीचे, कोट्याचे, कडप्प्याचे आणि मोझॅकचे तुकडे सायकलवरून आणून अण्णांनी आमच्या दहा बाय आठ फुटांच्या स्वयंपाकघरात बसविले होते. त्यातले मोठे तुकडे कडप्प्याचे होते, ते ओट्यापुढे लागले. ओटाही काळ्या कडप्प्याचाच होता. लहानपणी मी त्या जमिनीवर बसून कोणता तुकडा कुणाच्या घरचा हे अण्णांना विचारीत असे आणि ते सांगत असत.

गेल्या श्रावणात आजीने, तिचे वय बहात्तर आहे, चुलीवरून म्हणजे आता शेगडीवरून उतरविलेले डाळीचे पातेले ओट्यावर ठेवले. ठेवले असे तिला वाटले. वस्तुतः ते निम्मे ओट्याच्या बाहेर होते. पातेले कलंडले आणि कढत डाळ तिच्या डाव्या पायावर सांडली. तीन आठवडे तिला धड चालता येत नव्हते. सगळे तिच्या वयाला दोष देऊ लागले. ती एवढेच म्हणाली, “मला कड दिसली न्हाई गं. काळ्याला काळं लागून व्हतं.”

दिवाळीपूर्वी स्वयंपाकघर नवे करायचे असे अण्णांनी ठरविले. काम ते स्वतः करणार होते, सामानासाठी आईने भिशीचे पैसे काढले. आणि एका रात्री जेवताना अण्णा मला म्हणाले, “दगड, फरशी, भिंत, कशाला कोणता रंग, ते तू ठरव. तू शिकलेली आहेस.”

१. जुन्या घराचा रंगमेळ

आजच्या जाहिरातींतील चित्रे पाहिली म्हणजे रंगांचा मेळ घालणे ही अलीकडची हौस आहे असे वाटते. आजीला विचारल्यावर माझा हा समज दूर झाला. तिच्या माहेरच्या घरात जमीन शेणाने सारवलेली असे, भिंती पांढऱ्या मातीने किंवा चुन्याने रंगविलेल्या असत आणि भिंतीच्या तळाशी वीतभर उंचीचा गेरूचा पट्टा असे.

या रचनेचा थोडा विचार केला तर तिच्यातील शहाणपण ध्यानात येते. घराला खिडक्या थोड्या, म्हणून भिंती पांढऱ्या. कारण आत आलेला प्रकाश त्या परत फेकतात. जमीन सारवताना शेणाचे शिंतोडे भिंतीच्या पायथ्याशी उडणारच, म्हणून तेथे गेरूचा पट्टा. शिवाय जमीन कोठे संपली आणि भिंत कोठे सुरू झाली हे अंधुक उजेडातही त्या पट्ट्यामुळे कळते. पुढे चुन्यात थोडी नीळ घालण्याची पद्धत आली. तिच्यामागेही कारण आहे. चुन्यात किंचित पिवळेपणा असतो आणि निळा रंग पिवळ्याला मारतो, त्यामुळे भिंत अधिक शुभ्र दिसते.

तात्पर्य, जमीन, भिंत आणि त्यांमधील सीमारेषा या तिन्हींचा विचार आपल्या खेड्यांतील बायकांनी केलेला होता. ओटा मात्र तेव्हा नव्हता. चूल जमिनीवर होती आणि काम बसून चालत असे. उभ्याने स्वयंपाक करण्यासाठी कमरेच्या उंचीचा ओटा आला आणि स्वयंपाकघरात तिसरा पृष्ठभाग निर्माण झाला. रंगाचा प्रश्न अधिक कठीण झाला तो येथपासून.

२. माझी पहिली योजना

मी पहिली योजना केली ती चित्रे पाहून. ओट्यासाठी तेलंगणातील करीमनगरकडचा ‘टॅन ब्राउन’ ग्रॅनाइट, जमिनीसाठी राजस्थानातील पॉलिश केलेला हिरवट कोटा आणि भिंतींना आकाशी रंग. तपकिरी म्हणजे माती, हिरवा म्हणजे झाड, निळा म्हणजे आभाळ, असे त्याचे काव्यमय समर्थनही मी केले होते. अण्णांनी ते शांतपणे ऐकले आणि ग्रॅनाइटसाठी दुकानात दीड हजार रुपये विसार देऊन आले.

दोन दिवसांनी ते दोन्ही दगडांचे हातभर नमुने घरी घेऊन आले. मी कोट्याचा तुकडा जमिनीवर ठेवला, त्याच्यावर ग्रॅनाइटचा लहान तुकडा ठेवला आणि आजीला मोठ्या हौसेने विचारले, “कसं दिसतंय आजी?”

आजी वाकून पाहू लागली. मग तिने हात फिरवला आणि बोटांनी चाचपून वरचा तुकडा शोधला. “दुसरा ह्यो व्हय? मला तर एकच दगड दिसतोय,” ती म्हणाली.

कुणीच काही बोलले नाही. मी मोबाइलवर त्या दोन तुकड्यांचा फोटो घेतला आणि तो कृष्णधवल करून पाहिला. तपकिरी आणि हिरवा हे दोन्ही रंग निघून गेल्यावर उरलेल्या दोन करड्या छटा जवळजवळ सारख्याच होत्या. आजीच्या डोळ्यांना जे दिसत होते, ते मला त्या फोटोत दिसले. माझ्या योजनेप्रमाणे काम झाले असते तर काळ्याला काळे लागण्याऐवजी तपकिरीला हिरवे लागले असते, आणि आजीला कड पुन्हा दिसली नसती.

दुकानदाराने तोवर दगड मापाने कापून ठेवला होता. विसार परत मिळाला नाही, आणि त्यात त्याची चूक होती असेही म्हणता येत नाही. अण्णा मला काही बोलले नाहीत. मापवहीत खर्चाच्या बाजूला “विसार १५००, गेला” असे मीच लिहिले. त्यानंतर मी आमच्या ग्रंथालयात जाऊन रंगांविषयी वाचू लागले. ते आधी करायला हवे होते.

३. रंगाची तीन अंगे

‘रंग’ हा शब्द आपण एकेरी वापरतो. वस्तुतः रंगाला तीन अंगे असतात. आल्बर्ट मन्सेल या अमेरिकन चित्रकला-शिक्षकाने १९०५ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात त्यांची पद्धतशीर मांडणी केली. पहिले अंग वर्ण, म्हणजे तांबडा, पिवळा, निळा इत्यादी. दुसरे उजळपणा, म्हणजे तो रंग पांढऱ्याच्या जवळ आहे की काळ्याच्या. तिसरे तीव्रता, म्हणजे तो किती झणझणीत किंवा किती मळकट आहे.

माझी चूक आता स्पष्ट झाली. मी वर्ण निराळे घेतले, पण उजळपणा तोच ठेवला. वस्तूची कड ओळखताना डोळ्याला मुख्य आधार असतो तो उजळपणातील फरकाचा. नजर अधू झाली किंवा उजेड कमी झाला की वर्णाचा आधार आणखी कमी होतो. संध्याकाळी दिवे लागण्यापूर्वी तांबडे फूल काळपट दिसते, हा अनुभव सर्वांनाच आहे.

उजळपणा मोजण्याची एक सोपी रीत आहे. पृष्ठभागावर पडलेल्या प्रकाशापैकी शेकडा किती प्रकाश परत येतो, तो त्याचा परावर्तन-अंक. ताज्या पांढऱ्या भिंतीचा हा अंक सुमारे ऐंशी असतो, काळ्या दगडाचा दहाच्याही खाली. दृष्टी अधू असलेल्या माणसांना भिंत, जमीन आणि दार वेगवेगळी ओळखू यावीत म्हणून लागून असलेल्या पृष्ठभागांच्या अंकांत तीसचा फरक असावा, असे मार्गदर्शन ब्रिटनमधील इमारतींच्या मानकात आहे. आमच्या जुन्या स्वयंपाकघरात ओटा आणि त्यापुढील जमीन यांत फरक होता शून्य.

दुसरी गोष्ट मला कळली ती मिशेल शेव्ह्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाच्या कार्यावरून. पॅरिसमधील गोबेलिन या सुप्रसिद्ध विणकाम-कारखान्यात तो रंगविभागाचा प्रमुख होता. तेथील काळा रंग फिका पडतो, विशेषतः निळ्या-जांभळ्या कापडाच्या घड्या विणताना त्याला जोर राहत नाही, अशी तक्रार होती. शेव्ह्रलने तपासले तेव्हा रंगात दोष आढळला नाही. दोष होता तो शेजारचा. काळ्याच्या बाजूला निळा-जांभळा आला म्हणजे डोळ्याला तो काळा निराळा दिसतो. यावरून शेजारी आलेले दोन रंग एकमेकांना बदलून दाखवितात हा नियम त्याने सविस्तर मांडला, आणि त्यावरील त्याचा ग्रंथ १८३९ साली प्रसिद्ध झाला.

याचा अर्थ असा, की ओटा चांगला की वाईट हे एकट्या ओट्याकडे पाहून ठरवता येत नाही. करड्या दगडामागे पिवळसर भिंत आली तर तोच दगड निळसर दिसेल, निळी भिंत आली तर तो पिवळट आणि मळकट दिसेल. माणसांचेही असेच असते असे म्हणण्याचा मोह होतो, पण तो विषयांतर होईल.

४. फ्रँकफर्टचे स्वयंपाकघर

ग्रंथालयात मला एका स्वयंपाकघराची माहिती मिळाली, ती येथे देण्यासारखी आहे. जर्मनीतील फ्रँकफर्ट शहरात पहिल्या महायुद्धानंतर कामगारांसाठी घरे बांधण्यात आली. त्या घरांसाठी मार्गारेट शुट्टे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन स्त्री-वास्तुशास्त्रज्ञाने १९२६ साली एक स्वयंपाकघर रचले. ते सुमारे १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब होते, म्हणजे आमच्याहून अरुंद. अशी जवळजवळ दहा हजार स्वयंपाकघरे तेथे बसविण्यात आली.

त्यांतील कपाटांना निळसर हिरवा रंग दिलेला होता. माशा निळ्या रंगावर बसत नाहीत अशी त्या काळी समजूत होती, त्यावरून ही निवड झाली. पिठाचे खण ओक लाकडाचे केले होते, कारण त्यात कीड लागत नाही असे मानीत. कामाचे टेबल खिडकीशी होते, कारण चिरताना, निवडताना हातावर उजेड पडला पाहिजे.

माशांविषयीची समजूत खरी की खोटी हा प्रश्न बाजूला ठेवू. मला महत्त्वाचे वाटले ते असे, की त्या बाईने प्रत्येक रंगाला आणि प्रत्येक लाकडाला एकेक काम नेमून दिले होते. गेरूच्या पट्ट्याला आजीच्या माहेरी असेच काम नेमून दिलेले होते.

५. दगडांची जात

रंग कितीही जुळला तरी तो टिकला पाहिजे. या भागाचा अभ्यास माझा नव्हे, आईचा. अण्णांनी आणलेले सगळे नमुने तिने मोरीजवळ ओळीने मांडले आणि प्रत्येकावर लिंबाची फोड, ओली हळद आणि तेलाचे बोट ठेवून रात्रभर तसेच राहू दिले.

सकाळी कडप्पा, कोटा आणि संगमरवर यांवर लिंबाचे पांढुरके डाग उमटलेले होते, ते घासून गेले नाहीत. ग्रॅनाइटवर काहीच झाले नव्हते. कारण असे, की शहाबादी, कडप्पा, कोटा हे सगळे चुनखडीच्या जातीचे दगड आहेत आणि संगमरवर ही तिचेच रूपांतर. लिंबू, चिंच, आमसूल यांतील आम्ल चुनखडीला खाते. ग्रॅनाइट वेगळ्या घडणीचा, त्याला ही आम्ले लागत नाहीत. काळ्या कडप्प्यावर खोबरेल तेलाचा हात फिरवून डाग झाकण्याची रीत घरोघर आहे, पण ते केवळ झाकणे होय.

हळदीने आणखी एक गंमत केली. पांढऱ्या टाइलच्या सांध्यातला पिवळा डाग आईने साबणाने धुतला तर तो तांबडा झाला. ती घाबरली नाही. “कुंकू असंच करतात की,” ती म्हणाली. हळदीतील पिवळे द्रव्य चुना, सोडा, साबण यांसारख्या क्षारयुक्त पदार्थांशी तांबडे होते, आणि हळदीला चुना लावून कुंकू करण्याची पद्धत याच गुणावर आधारलेली आहे. हेच द्रव्य उन्हात फिके पडते. म्हणून ज्या स्वयंपाकघरात ऊन येते तेथे हळदीचा डाग काही दिवसांत उडतो, जेथे येत नाही तेथे तो राहतो. यावरून आईने निर्णय दिला, की ओट्यामागच्या टाइलचे सांधे शुभ्र पांढरे नकोत, ते बारीक आणि फिकट करड्या रंगाचे हवेत.

अण्णांची सूचना जमिनीविषयी होती. चकचकीत पॉलिशची फरशी दुकानात शोभून दिसते, पण पाणी आणि तेल सांडले की पाय घसरतो. शिवाय खिडकीचा किंवा दिव्याचा उजेड तिच्यावर चमकतो आणि अधू डोळ्याला त्या चमकीत जमीनच दिसत नाही. “ओट्याला पॉलिश, जमिनीला हात राखून,” असे त्यांचे सूत्र आहे.

६. क्रम कोणता?

तिन्हींचा मेळ घालायचा तर सुरुवात कोठून करावी? बहुतेक लोक भिंतीच्या रंगापासून करतात, कारण रंगाचे पुस्तक हातात घेऊन बसणे सोपे असते. मी मापवही उघडली. आमच्या खोलीच्या चार भिंती मिळून, दार-खिडकी वजा जाता, सुमारे तीनशे चौरस फूट भरतात. दिसणारी जमीन चौसष्ट, आणि आठ बाय दोनचा ओटा फक्त सोळा चौरस फूट. म्हणजे डोळ्याला सर्वांत अधिक दिसते ती भिंत, ओट्याच्या जवळजवळ एकोणीस पट.

तरीही निवडीचा क्रम याच्या उलट असावा असे मला वाटते. दगड खाणीतून निघतो तसा घ्यावा लागतो, आपल्याला हवी ती छटा खाणीत मिळत नाही. टाइल कारखान्यात होते, तिच्यात थोडी अधिक निवड असते. भिंतीचा रंग मात्र दुकानात थेंब थेंब मिसळून हवा तसा करता येतो. शिवाय ओटा आणि जमीन पंचवीस-तीस वर्षे बदलत नाहीत, भिंत चार-पाच वर्षांनी पुन्हा रंगवतातच. म्हणून जे कमी मिळते आणि कायम राहते ते आधी ठरवावे, जे पुष्कळ मिळते आणि बदलता येते ते शेवटी. भिंतीने दगडाशी जुळवून घ्यावे, कारण दगड भिंतीशी जुळवून घेऊ शकत नाही.

७. घरच्या उजेडात

दुसऱ्या खेपेला आम्ही विसार देण्याची घाई केली नाही. निवडलेले नमुने चार दिवस स्वयंपाकघरातच ठेवले; टाइल जेथे लागणार तेथे उभी, फरशी जेथे लागणार तेथे आडवी. हेही अण्णांनीच सांगितले. जमिनीचा नमुना हातात उभा धरून पाहणारे गिऱ्हाईक पुढे हमखास तक्रार करते, असा त्यांचा अनुभव आहे. कारण आडव्या आणि उभ्या पृष्ठभागावर उजेड सारखा पडत नाही.

या चार दिवसांत एक टाइल गळाली. दुकानात ती स्वच्छ सायीच्या रंगाची दिसली होती. घरी सकाळी पूर्वेच्या खिडकीच्या उजेडात तशीच दिसली, पण रात्री आमच्या पिवळ्या दिव्याखाली ती जुन्या धोतरासारखी पिवळट झाली. दुकानात पांढरा दिवा होता. दिव्याच्या खोक्यावर हा फरक आकड्यात छापलेला असतो. पिवळ्या उजेडाचा दिवा सुमारे २७०० केल्विनचा, पांढऱ्या निळसर उजेडाचा ६५०० केल्विनचा. आकडा जितका लहान तितका उजेड पिवळा. रंग निवडण्यापूर्वी घरात दिवा कोणता राहणार हे ठरले पाहिजे, अन्यथा सगळी निवड वाया जाते. आम्ही मधला, ४००० केल्विनचा दिवा घेतला आणि त्याच्या उजेडात उरलेले नमुने पुन्हा पाहिले.

८. निर्णय

अखेर जे ठरले ते असे. ओटा फिकट करड्या ग्रॅनाइटचा. त्यावर बारीक काळे ठिपके आहेत, त्यामुळे तो फार मळखाऊही नाही आणि फार उघडाही नाही. जमीन अर्धवट पॉलिशच्या हिरवट कोट्याची, म्हणजे माझ्या पहिल्या योजनेतील तेवढी एक गोष्ट राहिली. ओटा उजळ, जमीन गडद. कृष्णधवल फोटोत दोन्ही स्वच्छ वेगळ्या दिसतात. ओट्यावर चिंच-लिंबू पडते म्हणून तेथे ग्रॅनाइट, जमिनीवर ते क्वचित पडते म्हणून तेथे कोटा चालतो. ओट्यामागे दोन फूट उंचीच्या, सायीच्या रंगाच्या, बिनचकाकीच्या टाइल. भिंतींना त्याच छटेचा, किंचित अधिक पांढरा रंग. आकाशी रंग रद्द झाला, कारण करड्या दगडामागे तो दगडाला मळकट करीत होता. शेव्ह्रलचा नियम आमच्या भिंतीवर हातभर जागेत रंग लावून मी प्रत्यक्ष पाहिला.

आता प्रश्न उरला कडेचा. ओटा उजळ झाला तरी त्यावर स्टीलचे पातेले ठेवताना पुढची कड नेमकी कळावी, एवढा फरक आजीला पुरेल का? हा प्रश्न मी अण्णांना विचारला. ते उठून मागच्या अंगणात गेले आणि कुठल्याशा कामावर उरलेल्या काळ्या ग्रॅनाइटच्या दोन इंची पट्ट्या घेऊन आले. त्यांनी त्या ओट्याच्या पुढच्या कडेला, वरून दिसतील अशा, सलग बसविल्या आणि कड गोल करून घासली. आजीने हात न लावता, उभी राहून, बोटाने ती पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत हवेत दाखविली. “ही माझ्या माहेरची गेरूची पट्टी,” ती म्हणाली.

जुन्या जमिनीतील तुकडे अण्णांनी फोडले नाहीत. जेवढे धड निघाले तेवढे मागच्या दाराच्या पायरीवर पुन्हा बसविले.

९. एक पुरवणी

हा लेख येथे संपायचा, पण दिवाळीनंतर आजीच्या उजव्या डोळ्यातील मोतीबिंदू काढला. डाव्या डोळ्याचे ऑपरेशन अजून व्हायचे आहे. पट्टी निघाल्यावर ती स्वयंपाकघरात आली आणि टाइलसमोर बराच वेळ उभी राहिली. एक डोळा झाकून पाही, मग दुसरा. शेवटी मला म्हणाली, “ह्या डोळ्यानं दुधावाणी दिसतंय आन् ह्या डोळ्यानं ताकात हळद घातल्यावाणी. खरा रंग कोणता गं?”

याचे कारण मी वाचले होते. मोतीबिंदू वाढतो तसे डोळ्यातील भिंग पिवळे-तपकिरी होत जाते आणि निळा उजेड आत कमी येतो. भिंग बदलल्यावर पांढरे पुन्हा पांढरे, कधी किंचित निळसर दिसते. मी तिला हे सांगितले. पण तिच्या प्रश्नाचे उत्तर त्यात नाही हे मला सांगता सांगताच कळले. मी माझ्या डोळ्यांनी रंग निवडले असते तर ते माझ्यापुरते खरे होते, आणि तेथे रोज चार तास उभी राहणारी मी नव्हते.

“तू शिकलेली आहेस, तू ठरव,” असे अण्णा म्हणाले होते. आज मला वाटते, की शिकलेल्या माणसाने ठरविण्यापूर्वी विचारावे. पुस्तकाला विचारावे, दगडाला विचारावे, आणि ज्याला त्या जागी वावरायचे आहे त्याला सर्वांत आधी विचारावे. हे दीड हजार रुपयांचे शिक्षण आहे. मापवहीत ते खर्चाच्या बाजूला लिहिलेले आहे; परवा अण्णांनी ते मला वाचून दाखवायला सांगितले आणि म्हणाले, “राहू दे तसंच. खोडू नकोस.”